तू भिजत घातलेली ज्वारी

ज्वारी भिजत घालून कुणी मरतं का गं?

हे मी तुला पहिल्या दिवसापासून विचारतो आहे. आधी मनातल्या मनात विचारलं, मग तेराव्याच्या पानावर बसून विचारलं, आणि आता कागदावर विचारतो. तोंडाने विचारलं की आपली लेक शेवंता रडायला लागते आणि दादा ओसरीतून म्हणतो, "मास्तरनं डोकं फिरनं." फिरलंच आहे. पण दादाच्या मताप्रमाणे ते मी मास्तरकी धरली तेव्हाच फिरलं होतं, तेव्हा त्यात तुझ्या जाण्याचा दोष किती हे ठरवणं अवघड आहे.

दुःख करायला तळोद्याचं निम्मं गाव येऊन गेलं. रागवायला मात्र मी एकटाच उरलोय, आणि हे काम मला नीट जमत नाही. तुला ठाऊक आहे, मला राग आला की आधी चष्मा घसरतो, मग शब्द घसरतात, आणि समोरचा माणूस हसू दाबत बसतो. तू तर दाबायचीही नाहीस.

आलेल्या बायांनी तुझं काय करून ठेवलंय, ऐक. "माय देवी व्हती. सोताकरता कधी काही मांगं नही. सगळासले खावाडीसन मग जेवे." एकीनं म्हटलं, दुसरीनं उचललं, तिसरीनं डोळ्याला पदर लावला. मी कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेलो. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. सुतकात माणसानं भांडायचं नसतं म्हणे. मग कधी भांडायचं?

देवी! नवा माठ आणला की त्यातलं पहिलं पाणी घरात कुणी तोंडाला लावायच्या आत तू पिऊन मोकळी व्हायचीस, आणि त्यामागे शास्त्र वगैरे काही नसायचं, शुद्ध हावरटपणा. भांडी घासून झाली की पाणेऱ्याखालच्या ओल्या मातीत दोन्ही पाय रुतवून बसायचीस. मी हाक मारली तरी ओ नाही. फार हाका मारल्या तर म्हणायचीस, "थांबा ना मास्तर, पाय काम करी ऱ्हायनात." बाजाराच्या दिवशी डोंगरातून पावरा बाया चारोळी, मोहाची फुलं घेऊन खाली यायच्या आणि आपल्या ओट्यावर टेकायच्या. त्यांच्या टोपलीतली मूठभर फुलं तू उचलायचीस, डोळे मिटून नाकाशी धरायचीस आणि परत टोपलीत ठेवायचीस. "लेस का नही?" ती बाई विचारायची. "वास लिन्हा ना. बस व्हयनं." तीही हसायची, तूही हसायचीस, आणि मी शाळेतून येऊन भाकरीची वाट बघत दारात उभा.

अशी बाई देवी कुठली? देवीला चिखलात पाय घालायला सवड असते का? इतकी वर्षं मी जिच्याशी भांडलो ती बाई या लोकांनी तेरा दिवसांत नाहीशी केली आणि तिच्या जागी भिंतीवर लावायची तसबीर ठेवून गेले. तुझ्या मरणाचं एक वेळ समजू शकतो. याचा राग कसा आवरू?

आणि तुझा राग तर वेगळाच.

आखाजीच्या सणाला शेवंता लोणखेड्याहून माहेरी आली होती. तिला सासरी परत पाठवताना बरोबर बिबड्यांचं, तुझ्या त्या आंबवलेल्या ज्वारीच्या पापडांचं, गाठोडं द्यायचं म्हणून तू मोठ्या मडक्यात ज्वारी भिजत घातलीस. मग त्या वाळत घालण्यासाठी घरावरचं मातीचं धाबं सारवायला घेतलंस. वैशाखात. भर दुपारी. मी खाली वाळ्याचा पंखा तोंडावर घेऊन पडलो होतो आणि डोक्यावर तुझी पावलं वाजत होती. ओरडून म्हटलंसुद्धा, "अगं, उन्हं उतरू दे." वरून उत्तर आलं, "उन्हं उतरनात का शेण वाळस नही. तुम्ही झोपा." तुझं शेवटचं शहाणपण ते. खाली आलीस, लोटाभर पाणी प्यालीस, "डोकं जड व्हयनं" म्हणालीस आणि आडवी झालीस. शेवंतानं तळपायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं, वैद्याला बोलावलं. दिवस मावळायच्या आत संपलं सगळं. ऊन लागलं, सगळे म्हणाले. जसं काही ऊन दारात येऊन तुझी चौकशी करत होतं! धाबं मात्र काय सुरेख सारवलं होतंस. एक भेग नाही. त्या धाब्याकडे बघितलं की माझ्या अंगाची आग होते.

बिबड्यांवरून आपलं भांडण जुनं. माझं चांगलं धोतर तुझ्या बिबड्यांखाली गेलं, तिथून त्याची सुरुवात. शेवंता तेव्हा रांगत होती. धाब्यावर ओलं धोतर पसरायचं, त्यावर गरम गरम बिबड्या थापायच्या, वाळल्या की मागून पाणी मारून सोडवायच्या. सगळ्या घरी असंच करतात, पण सगळ्या घरी जुनेरं वापरतात. तुला त्या वर्षी जुनेरं पुरली नाहीत. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी होती. पहाटे अंधारात मी दोरीवरचं धोतर ओढलं, नेसलं आणि शाळेत गेलो. उजेडात बघतो तर ढुंगणापासून घोट्यापर्यंत गोल गोल डाग, तिखटाची तांबूस कड, आणि मधेमधे चिकटलेले तीळ. पोरं फळ्याकडे बघेनात, मास्तरकडे बघायला लागली. डिपोटी साहेबांनी विचारलं, "मास्तर, धोतरावर हे काय?" मी म्हणालो, "भूगोल, साहेब. आज पृथ्वीचे गोलार्ध शिकवायचे आहेत."

ही गोष्ट मी लग्नामुंजीत, बारशाला, एकदा तर एका मयताच्या वाटेवरसुद्धा सांगितली. आणि दर वेळी तू मागून म्हणायचीस, "खोटं! तुम्ही तोंडातून सबद काढा नही. घाम पुशीसन घर उनात." खरं सांगू? खरं तुझंच आहे. पण हे मी तुझ्यासमोर कबूल केलं असतं तर गोष्टीत राहिलं काय असतं?

घाट्यावरून मात्र आपलं भांडण खरंखुरं होतं. बिबड्यांचं पीठ शिजून घट्ट झालं, म्हणजे त्याचा घाटा झाला, की तू थापणं बाजूला ठेवायचीस. शेजारपाजारच्या बाया मदतीला आलेल्या असायच्या. सगळ्या धाब्यावरच्या सावलीत गोल बसायच्या, प्रत्येकीच्या वाडग्यात वाफाळता घाटा, मध्ये खळगा, खळग्यात कच्चं तेल. त्यात लसूण, जिरं, तिखट, तीळ असतंच. तू बोट भाजून घ्यायचीस, फुंकर मारायचीस, परत बोट भाजून घ्यायचीस. खाली मी, दादा, बैल, सगळे उपाशी. कुणाला पर्वा?

मी मास्तर माणूस. मला तर्क लागतो. मी दरसाल विचारायचो, "मजा जर घाट्यातच आहे तर बिबड्यांचा एवढा खटाटोप कशाला? वाटेल तेव्हा तपेलंभर घाटा करावा, खावा, हात धुवावे." तू म्हणायचीस, "तुम्हले नही समजाव." हे काय उत्तर झालं? शाळेत पोरानं असं उत्तर दिलं तर मी त्याला बाकावर उभा करतो. गेल्या साली मी फार खनपटीला बसलो तेव्हा तू हात पुसत म्हणालीस, "घाटा खावाले बठनं का काम थांबस. आन् काम करता करता थांबनं तर कोनी काही बोलस नही. उगाच थांबता येस का बाईमानूसले?"

 मी म्हटलं, याचं उत्तर पुढच्या साली देईन. वर्षभर तयारी केली. यंदा धाब्यावर चढून तुला सांगणार होतो की, तू उगाच थांब, मी बघतो कोण बोलतं ते. मोठ्या तोऱ्यात सांगणार होतो. आणि तू काय केलंस, तर ज्वारी भिजत घातलीस आणि निघून गेलीस. भांडणात असं उठून जातात?

आता ज्वारीचं ऐक. तुला कळायलाच हवं.

तू गेलीस त्या गडबडीत मडक्याची आठवण कुणाला राहणार? घरात सुतक. मडकं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आंबत राहिलं. आठवण झाली ती शेजारच्या केसरबाईला, आणि तीही नाकामुळे. किराणा दुकानवाल्या मारवाड्यांची ती सून, त्यांच्यात शिळंसुद्धा चालत नाही, मग आंबलेल्याचं नावच नको. तिनं नाकाला पदर गच्च बांधला, मडकं उचललं, आपल्या आडावर नेऊन ज्वारी चार पाण्यांतून काढली आणि स्वतःच्या धाब्यावर वाळवली. आम्हाला पत्ता नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन दारात उभी.

"मास्तर, हाई तुमन्या घरनी जवारी. मन्ही सासू जित्ती ऱ्हाती ना, तर जवारीसंगे माले बी उकिरडावर फेकती."

शेवंतानं टोपलीत हात घातला. तुला सांगतो, तू गेल्यापासून पोरगी धड जेवली नव्हती. भाकरी कुस्करायची आणि ताट सरकवायची. तिचे सासरे दोन दिवसांनी न्यायला येणार होते. अशी सुकलेली पोर मी त्यांच्या हाती कशी देणार होतो, देव जाणे. त्या दिवशी तिनं ज्वारीचा दाणा तोंडात टाकला, चावला आणि म्हणाली, "बाबा, बराबर आंबेल शे. माय आते दळाले बठती."

तेवढ्यात ओसरीवरून दादा बोलला, "ढोरेसले घाली दे."

मी वळून बघितलं. दादा शांतपणे तंबाखू मळत होता. "दुखवटानं घर शे. वरीसभर ह्या घरमा वाळवण पडस नही. लोक काय म्हनतीन? ढोरेसले घाल."

दादापुढे मी आजवर कधी तोंड उघडलेलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? माझं लग्न त्यानं ठरवलं, शेवंताचं सासर त्यानं ठरवलं, धोतर किती हात असावं तेही त्यानं ठरवलं. तू मला चिडवायचीस, "दादा म्हनतीन सूर्य पच्छिमले उगस, तर तुम्ही पोरेसले तेच शिकाडशात." खरंच शिकवलं असतं.

मी म्हणालो, "ढोरेसले नही घालाव, दादा."

"काय म्हनना?"

"नही घालाव म्हननू." चष्मा घसरला. मी तो वर केला, परत घसरला, मग काढूनच टाकला. चष्म्याशिवाय दादा नुसता एक पांढरा डाग दिसतो, त्यामुळे धीर आला. "तिनी भिजाडेल शे. पोरीकरता. तिना हातनी शेवटली वस्तू मी म्हैसले खावाडू?"

"रीत शे ती."

"तिले ऊन लागनं तवय रीत कोठे व्हती?"

आता हा काही तर्क नव्हे, मला कळतं. पण आवाज एवढा मोठा निघाला की केसरबाई टोपली घेऊन एक पाऊल मागे सरली. दादानं तंबाखू फेकून दिली. आपली मोठी वहिनी वारली त्याला किती वर्षं झाली, तरी दादा तिचं नाव घेत नाही; त्या दिवशी घेतलं नाही, पण तिच्यावरच आला.

"मन्ही गयी तवय मी समदं पाळं. समदं! तू काबर नही पाळाव? तुन्ही काय मन्हीपेक्षा मोठी व्हती?"

आणि मी म्हणून गेलो, "पाळीसन काय भेटनं तुले?"

असं बोलायला नको होतं, असं तू म्हणाली असतीस. म्हण. मी ते परत घेणार नाही.  अंगणात म्हैस शेपूट हलवत होती, तिचा जीव ज्वारीत अडकलेला. दादा खांबाला टेकला, आणि मला नाही, केसरबाईच्या टोपलीला सांगितल्यासारखं बोलला.

"तिनी कैऱ्या आनेल व्हत्यात. लोनचाकरता. पोतंभर. मी उकिरडावर फेकी दिन्ह्यात." मग म्हणाला, "चांगल्या व्हत्यात. फोडी करेल व्हत्यात काही."

इतक्या वर्षांत हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. एका घरात राहतो आम्ही.

मार्ग काढला शेवंतानं. ती दादाच्या पायाशी जाऊन बसली. "मोठा बाबा, आपुन वाळवण नही घालूत. नुसता घाटा करूत. शिजाडानं आन् खावानं. घाटा काय वाळवण शे का?"

दादा जातीच्या पंचांत बसणारा माणूस. त्यानं डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकल्यासारखं केलं. "घाटा म्हंजे खावानी वस्तू," तो म्हणाला. "खावाले बंदी नही शे. पन धाबावर एक बी बिबडी पडाले नको."

तर असा घाटा झाला. जात्यावर एका बाजूला शेवंता, दुसऱ्या बाजूला नाकाला पदर बांधलेली केसरबाई. "मी खासू नही हां, फक्त दळसू," असं ती दर दोन फेऱ्यांनी बजावत होती, देवाला ऐकू जावं म्हणून असेल. पहिल्या तपेल्यापुरतं पीठ काढून बाकीचं शेवंतानं फडक्यात बांधलं. लोणखेड्याच्या घरी दुखवटा नाही. तिथल्या धाब्यावर ती बिबड्या घालील. तिच्या सासूबाई काय म्हणतील याची मला धास्ती आहे. तिच्या तोंडावर ती दिसली नाही.

ढवळायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मागून घेतलं, असं मी पुढे लोकांना सांगणार आहे. खरं म्हणजे दुसरं कुणी मोकळं नव्हतं. आधणात पीठ पडलं की ते तुझ्या हातात कसं गुमान फिरायचं! माझ्या हातात त्यानं दांडाच पकडून ठेवला. मी ओढतोय, ते ओढतंय. एक बुडबुडा फुटला आणि चष्म्याच्या काचेवर बसला. दादा ओसरीवरून सूचना देत होता, "बुडथीन फिराव, बुडथीन. फळावर लिखी ऱ्हायनास का?" शेवंतानं मीठ टाकलं, चव बघितली, परत टाकलं. तीळ भाजून टाकले. लसूण ठेचून टाकला.

आणि मग आम्ही अंगणातच बसलो, चुलीभोवती. दादा खाली उतरून आला. केसरबाई हात लांब ठेवून बसली. वाडग्यात घाटा, घाट्यात खळगा, खळग्यात तेल. मी पहिला घास घेतला.

आता माझ्या रागाचं खरं कारण सांगतो. ते बेचव व्हायला पाहिजे होतं. माझी तशी तयारी होती. घास तोंडात फिरणार, घशाखाली उतरणार नाही, वाडगा खाली ठेवणार, डोळ्याला उपरणं लावणार, असं सगळं मी मनात ठरवून बसलो होतो. पुढे चारचौघांत सांगायला तेच शोभलं असतं. पण ते चांगलं झालं होतं गं! आंबटपणा बेताचा, तिखट नाकात चढणारं, तीळ दाताखाली फुटणारे. मी बोट भाजून घेतलं, फुंकर मारली आणि परत बोट भाजून घेतलं. तू जाऊन पंधरा दिवस झाले नाहीत आणि माझ्या जिभेला त्याची लाजही नाही. दादानं वाडगा पुढे केला, "तेल टाक आजून." मीही केला. शेवंतानं तर आम्हाला विचारणंच सोडून दिलं होतं. ती खाली मान घालून खात होती, नाक ओढत होती, खात होती.

तू नसताना हे जमायला नको होतं. जमलं, याचा राग मी कुणावर काढू? तुझ्यावरच काढणार. इतकी वर्षं तूच आम्हाला असल्या सवयी लावल्यास.

तपेलं रिकामं झालं. बुडाला खरवड धरली होती, लालसर, करपायच्या जरा अलीकडची. दादानं तिच्याकडे बघितलं, मी बघितलं. दोघंही विचारात पडलो की वडीलधारा म्हणून आधी कुणी हात घालावा. तेवढ्यात शेवंतानं तपेलं दोन्ही पायांत धरलं, उलथनं घेतलं आणि कर्रकर्र आवाज करत खरवड काढून एकटीनं खाल्ली. सगळी. बोटं चाटून वर बघितलं आणि आम्हा दोघा म्हाताऱ्यांना म्हणाली, "काय देखी ऱ्हायनात?"